कबरीपाशी कोणती आशा बोलली जाते? मरण आणि सार्वकालिक जीवनाविषयीची ख्रिस्ती श्रद्धा

सोलापुरात एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मातीला गेलेल्या माणसाला दफनाचे फारसे नवल वाटत नाही. या शहरात लिंगायत समाज आपल्या मृतांना पुरतो, मुसलमान समाज पुरतो आणि ख्रिस्ती समाजही पुरतो. खड्ड्याभोवती उभे राहणे आणि मूठभर माती टाकणे हे सारे ओळखीचेच असते. बुचकळ्यात पडायला होते ते परतीच्या वाटेवर. दहावा कोणत्या दिवशी, पिंडदान कोण करणार, कावळा शिवण्याचे काय, असे विचारले की उत्तर मिळते, ‘आमच्यात ते नसते.’ मग गेलेला माणूस आता आहे कुठे, असे विचारावे तर घरातले कोणीतरी सांगते, ‘ते प्रभूजवळ गेले.’ आणि तासाभरापूर्वी तर पाळकसाहेबांनी कबरीपाशी वाचलेले असते की ख्रिस्तामध्ये मेलेले शेवटच्या दिवशी उठवले जातील. प्रभूजवळ गेले असतील तर कबरीतून उठणार कोण, आणि कबरीत वाट पाहत असतील तर प्रभूजवळ गेले कोण? हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्यावर शतकानुशतके डोके चालवले आहे, आणि त्याचे उत्तर समजले की मरणाविषयीची ख्रिस्ती श्रद्धा बरीचशी उलगडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांतही धूसर झालेली आहे. शरीर मरते, आत्मा अमर असतो आणि तो स्वर्गात जातो, एवढ्यावर ख्रिस्ती आशा संपत नाही. खरे तर ती तेथे सुरूही होत नाही. ती उभी आहे पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्या माणसाला देव पुन्हा देहासह जिवंत करील या विश्वासावर. प्रेषितांचा मतांगीकार म्हणून जे प्राचीन विश्वासवचन अनेक मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती उपासक समुदायांमध्ये, उपासनेत उभे राहून म्हटले जाते, त्याचा शेवट ‘देहाचे पुनरुत्थान’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ या दोन गोष्टींनी होतो. आत्म्याच्या अमरत्वाचा त्यात वेगळा उल्लेख नाही.

मराठी वाचकाला हे वेगळेपण गीतेच्या दुसऱ्या अध्यायाशेजारी ठेवून चटकन दिसेल. तेथे देह हा जीर्ण वस्त्रासारखा आहे. जुने टाकायचे, नवे धारण करायचे आणि धारण करणारा मात्र अबाधित राहायचा. बायबलमध्ये देह माणसाच्या बाहेरची वस्तू नाही. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव जमिनीच्या मातीचा मनुष्य घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि तेव्हा मनुष्य जिवंत प्राणी होतो. माती आणि श्वास यांच्या मिलाफालाच तेथे माणूस म्हटले आहे. त्यामुळे त्यांची ताटातूट होणे ही सुटका ठरत नाही, ती मोडतोड ठरते. मृत्यूला मित्र, मुक्तिदाता किंवा निसर्गक्रम मानून त्याच्याशी समझोता करण्याची वृत्ती बायबलच्या मुख्य प्रवाहात सापडत नाही. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ येथील मंडळीला साधारण इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रात मृत्यूला सरळ ‘शेवटला शत्रू’ म्हटले आहे.

शत्रू हे विशेषण किती गंभीरपणे घ्यायचे, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, अकराव्या अध्यायात दिसते. बेथानी गावातला लाजर हा येशूचा स्नेही आजारी पडतो. बहिणी निरोप धाडतात. येशू मुद्दाम उशिराने निघतो आणि पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था गावाबाहेर येऊन त्याला गाठते. ‘प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता,’ या तिच्या पहिल्याच वाक्यात श्रद्धा आणि तक्रार दोन्ही आहेत. तुझा भाऊ पुन्हा उठेल असे येशू म्हणतो, तेव्हा ती पाठ केलेले उत्तर देते, की शेवटल्या दिवशी पुनरुत्थानाच्या वेळी तो उठेल हे मला ठाऊक आहे. त्यावर येशू म्हणतो, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ म्हणजे दूरच्या एका दिवसाविषयीची शिकवण तो स्वतःशी जोडून घेतो. पुढे दुसरी बहीण मरीया आणि तिच्याबरोबरचे लोक रडताना पाहून येशूही रडतो. पुढच्या काही क्षणांत लाजराला हाक मारून तो बाहेर काढणार आहे, हे त्याला माहीत आहे, आणि तरी तो रडतो. धोंड बाजूला करायला सांगितल्यावर मार्था व्यवहारी बाईसारखी म्हणते की आता दुर्गंधी येत असेल, चार दिवस झाले आहेत.

ही कथा नीट वाचणाऱ्याला, आमच्याकडच्या मयतीत एखादे वडीलधारे गृहस्थ ‘रडू नका, प्रभूने नेले आहे, रडणे हे अविश्वासाचे लक्षण आहे’ असे बजावतात, तेव्हा त्या बजावण्याला फारसा आधार सापडत नाही. थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोकांना पौल लिहितो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये; खेदच करू नये असे तो कोठेही म्हणत नाही. आशा दुःखाची जागा घेत नाही. दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी नांदतात, असे माझे मत आहे, आणि कबरीभोवती उभ्या असलेल्या कुटुंबाकडे पाहिले तर तसेच दिसते.

मरण जगात आले कोठून, या प्रश्नाचे पारंपरिक ख्रिस्ती उत्तर पापाकडे बोट दाखवते. पौलाच्या रोमकरांस पत्रात पापाचे वेतन मरण आहे आणि देवाचे कृपादान सार्वकालिक जीवन आहे, असे एका दमात म्हटले आहे. एदेन बागेतल्या कथेत मात्र एक पेच आहे: ज्या दिवशी तू त्या झाडाचे फळ खाशील त्या दिवशी मरशील असे देव सांगतो, आणि आदाम तर एकंदर ९३० वर्षे जगल्याचे तेच पुस्तक नोंदवते. त्यामुळे तेथे मरण म्हणजे प्रथम देवापासून तुटणे आणि देहाचे मरण हे त्याचे पुढचे फळ, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. प्राणिमात्रांत मृत्यू माणसाच्या आधीपासूनच होता असे मानणारे ख्रिस्तीही आहेत. या वादात येथे शिरत नाही.

जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूपूर्वीच्या ग्रंथांच्या, बऱ्याच भागात मरणानंतरच्या आशेचा उजेड अगदीच मंद आहे. मेलेले सगळेच अधोलोकात जातात, चांगलेही आणि वाईटही. उपदेशकाच्या पुस्तकात तर मेलेल्यांना काहीच कळत नाही असे रोखठोक म्हटले आहे. स्तोत्रकर्ता मरणच्छायेच्या दरीतूनही मेंढपाळावर भरवसा ठेवतो, पण दरीपलीकडच्या प्रदेशाचे फारसे वर्णन करत नाही. भूमीच्या मातीत झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, हे स्पष्ट शब्दांत येते ते दानीएलाच्या बाराव्या अध्यायात. येशूच्या काळातही यहुदी समाज या बाबतीत एकमताचा नव्हता. परूशी पुनरुत्थान मानत, मंदिराची सूत्रे हाती असलेले सदूकी ते नाकारत. मार्थेचे पाठ केलेले उत्तर परूशांच्या शिकवणीशी जुळणारे होते.

मग एवढीशी वादग्रस्त शिकवण एका नव्या श्रद्धेचा कणा कशी झाली? कारण येशूच्या शिष्यांनी असे सांगायला सुरुवात केली की जे शेवटच्या दिवशी सर्वांच्या बाबतीत घडायचे, ते एका माणसाच्या बाबतीत आधीच घडले आहे. वधस्तंभावर मारला गेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबरीकडे गेलेल्या स्त्रियांना ती रिकामी सापडली. शुभवर्तमानांतील वर्णने एका गोष्टीवर फार भर देतात: त्यांना भेटला तो भूत नव्हता. लूकच्या चोविसाव्या अध्यायात शिष्य घाबरलेले असताना तो विचारतो, ‘येथे तुमच्याजवळ खायला काही आहे काय?’ आणि भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन त्यांच्यादेखत खातो. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाला तो हातांवरचे वण दाखवतो. उठलेल्या देहावर जखमांच्या खुणा तशाच राहिल्या, हा तपशील मला नेहमी विचार करायला लावतो. जगलेले आयुष्य पुसून टाकून दिलेले हे कोरे करकरीत जीवन नाही. तोच देह बंद दारांआड अचानक उभा राहतो आणि ओळखीच्यांनाही चटकन ओळखू येत नाही, म्हणजे तो पूर्वीसारखा असूनही पूर्वीचाच नाही. लाजराची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याला जुनेच आयुष्य परत मिळाले. पुढे केव्हातरी तो पुन्हा मेला असणार. येशू पुन्हा न मरण्यासाठी उठला, असा दावा आहे.

हा दावा न मानणाऱ्यालाही त्याचे वजन कळावे म्हणून पौलाचेच म्हणणे सांगायला हवे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे आणि सर्व माणसांत आपण अधिक लाचार आहोत, असे तो करिंथकरांना लिहितो. ख्रिस्ती नीतिशिक्षण, सेवा, शाळा, दवाखाने हे सारे एका पारड्यात आणि ही एक गोष्ट दुसऱ्या पारड्यात, असाच त्याचा हिशेब दिसतो. येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, पहाटे काही कुटुंबे दफनभूमीत जाऊन कबरी झाडतात, फुले वाहतात आणि गाणी म्हणतात, ते याच जोडणीमुळे. एका कबरीची बातमी ते आपल्या घरच्या कबरींना लागू करत असतात.

करिंथमध्येही शंकेखोर होतेच. मेलेले कसे उठवले जातात आणि कोणत्या शरीराने येतात, असे ते विचारत होते, आणि पौल अशा विचारणाऱ्याला ‘निर्बुद्धा’ म्हणूनच उत्तराला हात घालतो. तू पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि तू पेरतोस ते पुढे येणारे अंग नव्हे, तर नुसता दाणा, असे तो म्हणतो. त्याच्यासमोर गहू होता. आपल्या जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी डोळ्यांसमोर आणावी. पाऊस सरताना पेरलेला तो बारका दाणा ओलीवर फुटतो, फुटतानाच त्याचे टरफल कुजून जाते, आणि माघात शेतात उभे असते ते पुरुषभर उंचीचे, टपोऱ्या कणसाचे ताट. दाण्याकडे पाहून ताटाचा अंदाज कोणाला बांधता येणार नाही. तरी ताट त्याच दाण्याचे असते, शेजारच्या हरभऱ्याचे नसते. सातत्य आहे आणि आमूलाग्र बदलही आहे. विनाशीपणात पेरले जाते, अविनाशीपणात उठवले जाते, असे पौल सांगतो, आणि अध्यायाच्या शेवटी मरणालाच आव्हान देतो: ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’

याच मंगळवेढ्याच्या मातीत गावकुसाच्या भिंतीखाली सापडून चोखोबा गेले, आणि त्यांच्या अस्थींमधून विठ्ठलनाम ऐकू येत होते म्हणून नामदेवांनी त्या ओळखून पंढरपुरास नेल्या, ही कथा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? ती पुनरुत्थानाची कथा नव्हे आणि तिला ओढूनताणून ख्रिस्ती करण्याचे कारणही नाही. पण भक्ताचा देह, त्याची हाडेसुद्धा, देवाच्या लेखी कचरा नसतात ही जाणीव त्या कथेत जिवंत आहे, आणि ती असलेल्या माणसाला देहाच्या पुनरुत्थानाची कल्पना निदान परकी वाटू नये.

मग जाळलेल्या देहाचे काय? प्राचीन मंडळीने दफनाचा आग्रह धरला तो या आशेची खूण म्हणून. राखेतून उठवणे देवाला अशक्य आहे असे त्यामागे नव्हते. हुतात्म्यांना जाळून त्यांची राख नदीत टाकली गेली तरी त्यांचे पुनरुत्थान हुकेल असे मंडळीने मानले नाही. कॅथलिक चर्चने दहनावरील बंदी १९६३ मध्ये उठवली. रक्षा विसर्जित करू नये, उधळू नये, पवित्र ठिकाणी ठेवावी, असे २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याविषयी एकच नियम नाही. मोठ्या शहरांत जागेच्या टंचाईमुळे दहनाकडे वळणारी कुटुंबे आहेत, सोलापुरात अजून बहुतेकांचा ओढा मातीकडेच आहे.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येता येते. मरण आणि पुनरुत्थान यांच्यामधल्या काळात माणूस कुठे असतो? येशू आपल्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराला म्हणतो की आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पौल तुरुंगातून लिहितो की येथून सुटून ख्रिस्ताजवळ असणे अधिक चांगले. या वचनांवरून बहुसंख्य ख्रिस्ती परंपरांनी असे मानले की विश्वासणारा मरणाबरोबर ख्रिस्ताच्या सान्निध्यात जातो, पण त्याची आशा अजून पुरी झालेली नसते. देहासह उठेपर्यंत तोही वाट पाहणारांतच असतो. म्हणून ‘प्रभूजवळ गेले’ हेही खरे आणि ‘शेवटच्या दिवशी उठतील’ हेही खरे. पहिले विश्रांतीविषयी आहे, दुसरे पूर्णत्वाविषयी. सेवन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी हा मधला टप्पा मानत नाहीत. त्यांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत काहीही जाणीव नसलेल्या झोपेत असतो, आणि त्याच्यापुरते बोलायचे तर डोळे मिटणे व प्रभूला पाहणे यांत क्षणाचेही अंतर नसते.

कॅथलिक शिकवणीत येथे आणखी एक गोष्ट येते, ती शुद्धिस्थानाची. देवाच्या कृपेत मेलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला माणूस तेथे शुद्ध होतो आणि जिवंतांच्या प्रार्थनांचा व मिस्साबलिदानाचा, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचा, त्याला उपयोग होतो. म्हणून २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळला जातो. मार्टिन ल्युथरने १५१७ मध्ये जो वाद पेटवला त्याच्या मुळाशी याच शिकवणीला चिकटलेला क्षमापत्रांच्या, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याच्या दाखल्यांच्या, विक्रीचा बाजार होता. पुढे प्रोटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थानाची शिकवणच नाकारली, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये ती पुन्हा ठामपणे मांडली आणि तिच्यावरील पैसेखाऊ गैरप्रकार बंद करण्यास सांगितले. या जुन्या भांडणाचा धागा आजच्या सोलापुरातही सापडतो. चौकातल्या फलकावर ‘मृतात्म्यास शांती लाभो’ असे कोणी आपुलकीने छापले तर कॅथलिक घराला ते आपलेसे वाटते. एखाद्या प्रोटेस्टंट पाळकाला मात्र वाटते की गेलेल्याची शांती ख्रिस्ताने आधीच निश्चित केली आहे, प्रार्थना करायची ती मागे राहिलेल्यांसाठी. त्यामुळे तिकडच्या स्मरणसभेत गेलेल्या माणसाबद्दल उपकारस्तुती होते आणि कुटुंबाच्या सांत्वनासाठी मागणे होते.

पुनर्जन्माला या मांडणीत जागा नाही. इब्री लोकांस पत्रात माणसाला एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय होणे नेमले आहे असे म्हटले आहे. न्यायाची ही कल्पना पुष्कळांना कठोर वाटते, पण जुलूम सोसलेल्यांच्या दृष्टीने ती आशेचाच भाग आहे. ज्यांना कोणत्याही कचेरीत न्याय मिळाला नाही त्यांची कागदपत्रे तेथे उघडली जातील. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायासनासमोर विचारले जाते ते भुकेल्याला खाऊ घातले का, परक्याला घरात घेतले का, बंदिशाळेत भेटायला गेलात का, असे. तरीही तारण ही केलेल्या पुण्याची मजुरी नाही, ते कृपेचे दान आहे, ही ख्रिस्ती शिकवण कायम राहते. वधस्तंभावरच्या त्या गुन्हेगाराजवळ पुण्य साठवायला दिवसही उरला नव्हता. कृपा आणि कृती यांचा मेळ कसा घालायचा यावर मंडळ्या भांडल्या आहेत, पण कृती ही कृपेचे फळ असावी एवढे सगळेच मान्य करतात. नरकाविषयी पारंपरिक मत अनंत शिक्षेचे आहे. दुष्ट अखेर नष्टच होतील असे मानणारेही आहेत, त्यांत अ‍ॅडव्हेंटिस्टही येतात.

आणि सार्वकालिक जीवन? ते न संपणारे आयुष्य आहे, पण नुसते न संपणे ही काही आनंदाची गोष्ट नव्हे, हे कोणीही थकलेला माणूस सांगेल. योहानाच्या शुभवर्तमानात येशू प्रार्थनेत म्हणतो की खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन आहे. म्हणजे ते मरणानंतर नव्हे, आजच सुरू होते. त्याचा शेवटही ढगांत होत नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे वर जात नाहीत, देवाचे नगर खाली उतरते. नवे आकाश आणि नवी पृथ्वी असते, आणि देव त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकतो. त्याआधी, सातव्या अध्यायात, ते पुन्हा भुकेले व तान्हेले होणार नाहीत, त्यांना सूर्य किंवा कसलीही उष्णता बाधणार नाही, असे वचन आहे. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेचे काम १८६० च्या दशकात सुरू झाले आणि त्यानंतर या मुलखाने १८७६-७८ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाहिले. मिशनच्या छत्राखाली आलेल्यांत दुष्काळाने पोरकी केलेली मुले होती. वैशाखातल्या उन्हात अन्नछत्रासमोर बसलेल्या त्या पोरांना या ओळी रूपक म्हणून समजावून सांगाव्या लागल्या नसतील.

उरतो तो प्रश्न, जो हे सारे ऐकून घेतलेला शेजारी भिडस्तपणे विचारतो: ‘मग आमचे काय?’ या बाबतीत ख्रिस्ती लोकांचे एकमत आहे असे दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ख्रिस्तावर उघडपणे विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही असे अनेक मंडळ्या शिकवतात आणि त्यासाठी त्यांच्याजवळ वचने आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असे मांडले की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान ठाऊक झाले नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते; मात्र ते मिळेल ते ख्रिस्तामुळेच. काही प्रोटेस्टंट विचारवंतही याच दिशेने जातात, काही त्याला कडाडून विरोध करतात. सोलापुरातल्या कॅथलिक धर्मगुरूंना आणि एखाद्या प्रार्थनागृहातल्या तरुण पाळकाला हा एकच प्रश्न विचारला तर दोन निरनिराळी उत्तरे मिळण्याची शक्यता बरीच आहे. अमुक एक माणूस नरकात गेला असे निश्चितपणे सांगण्याचा अधिकार मात्र त्या दोघांपैकी कोणाकडेही नाही, कारण दोघांच्याही शिकवणीप्रमाणे न्यायाचे आसन त्यांचे नाही.